कौटुंबिक हिंसेची साक्ष : कथन, काळ आणि न्यायालयीन नोंद

'साक्षी' हा शब्द पाणिनीने साक्षात् पाहणारा ह्या अर्थी सिद्ध केला आहे. ज्याने घटना स्वतः पाहिली तो साक्षी आणि त्याने जे सांगितले ती साक्ष, हा अर्थ मराठीत आजही टिकून आहे. पुराव्याच्या कायद्याची धारणाही याहून फारशी वेगळी नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे असे सांगितले आहे. पाहिलेल्याने पाहिलेले सांगावे, ऐकलेल्याने ऐकलेले. मात्र घराच्या चार भिंतींआड जी हिंसा घडते तिच्यापाशी आल्यावर ह्या सरळ व्याख्येपुढे एक पेच उभा राहतो. तेथे पाहणारी आणि सोसणारी व्यक्ती बहुधा एकच असते. जिच्यावर प्रसंग गुदरला तिनेच तटस्थ द्रष्ट्याप्रमाणे तो कथन करावा, अशी अपेक्षा न्यायालय करते.

कायद्याने एवढ्यावरून तिची साक्ष दुय्यम मानलेली नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. कोणतीही वस्तुस्थिती शाबीत करण्यासाठी साक्षीदारांची अमुक एक संख्या लागत नाही, असे जुन्या अधिनियमाचे कलम १३४ सांगत होते आणि नव्याचे कलम १३९ सांगते. १९५७ साली वडिवेलु थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याची संख्या नव्हे, तर गुणवत्ता पाहावयाची असते, हे तत्त्व स्पष्ट केले. पती-पत्नींमधील खाजगी बोलणे एरवी न्यायालयात उघड करता येत नाही. परंतु एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याचा खटला असेल, तर तो निर्बंध लागू होत नाही. तात्पर्य, एकट्या पत्नीची साक्ष विश्वसनीय ठरली तर तत्त्वतः ती पुरेशी असते.

असे असूनही ही साक्ष वारंवार अपुरी पडते. त्याची अनेक कारणे आहेत : आर्थिक परावलंबन, मुलांची काळजी, नातेवाइकांचा दबाव, खटल्याचा विलंब. त्यांची चर्चा पुष्कळदा झाली आहे. येथे विचार करावयाचा आहे तो एका वेगळ्या, तुलनेने दुर्लक्षित कारणाचा. ते कारण कथनाच्या घडणीशी निगडित आहे. छळ सोसलेली स्त्री ज्या रीतीने आपली हकीकत सांगते आणि न्यायालयाला ती ज्या रीतीने हवी असते, त्या दोन रीतींत मूलतः अंतर आहे. आणि हे अंतर ओळखले गेले नाही, तर खरे सांगणारी स्त्रीही खोटी ठरण्याचा संभव असतो.

१. रीतिभूतकाळ आणि घटना

मराठी व्याकरणात 'रीतिभूतकाळ' म्हणून एक काळ सांगितला जातो. भूतकाळी एखादी क्रिया करण्याची रीत होती, ती पुनःपुन्हा घडत असे, असा अर्थ त्याने व्यक्त होतो. 'तो मारी', 'तो मारीत असे' ही त्याची ग्रांथिक रूपे होत. बोलीत त्याचे काम 'मारायचा', 'मारायचे' ही रूपे करतात. घरातील छळाचे कथन स्वभावतः ह्याच काळात होते. 'जेवणात मीठ कमी झालं की ताट भिरकावायचे', 'पगार झाला की पिऊन यायचे', 'माहेरचा फोन आला की बोलून बोलून जीव नकोसा करायचे', अशी वाक्ये कोणत्याही समुपदेशन केंद्रात ऐकू येतील. मराठी स्त्रीच्या दुःखकथनाची जुनी परंपराही अशीच आहे. जात्यावरच्या ओव्यांतून सासुरवास गायिला गेला तो तारखांनिशी नव्हे. तो आईला, भावाला किंवा प्रत्यक्ष जात्याला उद्देशून, एकाच व्यथेची आवर्तने घेत गायिला गेला. तेथे ऐकणारीला पुरावा नको होता. सासुरवास हा एक शब्द उच्चारला की पुढचे तिला कळत होते.

न्यायालयाला मात्र घटना हवी असते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी, कशाने, शरीराच्या कोणत्या भागावर, आणि त्या वेळी तेथे कोण होते? ज्या कायद्याने छळाची व्याख्या सर्वाधिक व्यापक केली, त्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमाखाली संरक्षण अधिकाऱ्याने भरावयाच्या घटना अहवालाच्या नमुन्यातही हिंसेच्या तपशिलाचा रकाना तारीख, ठिकाण आणि वेळ यांपासूनच सुरू होतो. दहा वर्षांचे 'मारायचे' ह्या रकान्यात कसे लिहावे, हा प्रश्न तेथपासूनच उपस्थित होतो. पुष्कळदा शेवटची तारीख तेवढी लिहिली जाते, कारण ती आठवत असते. आणि दहा वर्षांची हिंसा एका सायंकाळची होऊन बसते.

न्यायालयाची ही मागणी निष्ठुर किंवा निरर्थक आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आपण नेमके कशाचे उत्तर द्यावयाचे हे कळले पाहिजे. परगावी राहणारी नणंद किंवा अंथरुणाला खिळलेला सासरा केवळ 'सगळ्यांनी छळ केला' ह्या वाक्यावरून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू नये, हेही न्यायाचेच तत्त्व आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सासरच्या नातेवाइकांविरुद्धचे आरोप सर्वसाधारण आणि सरसकट स्वरूपाचे असल्याच्या कारणावरून त्यांच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. अशा अर्थाचे निर्णय त्याआधीही झाले होते. परंतु येथे एक भेद केला पाहिजे. 'सगळ्यांनी' हा शब्द कर्त्याविषयीची अस्पष्टता दाखवितो. 'नेहमी' हा शब्द क्रियेचे स्वरूप सांगतो. पहिला दोष असू शकेल. दुसरा दोष असेलच असे नाही. जी गोष्ट वास्तविक नेहमीच घडत होती, तिच्याविषयी 'नेहमी' म्हणणे ही अचूकताच होय. दोहोंना एकाच मापाने मोजले, की साक्षीवर अन्याय होतो.

२. जबाबापासून उलटतपासापर्यंत

ही साक्ष प्रत्यक्षात कोणत्या टप्प्यांतून जाते, हे पाहिले म्हणजे अडचण अधिक स्पष्ट होईल. प्रथम पोलिसांकडे फिर्याद नोंदविली जाते. ती सांगते स्त्री, परंतु लिहितो अंमलदार, आणि तोही आपल्या सरावाच्या भाषेत : 'शारीरिक व मानसिक छळ', 'उपाशी ठेवणे', 'माहेरहून पैसे आणण्याची मागणी'. तपासात पुढे घेतलेल्या जबाबावर तर कायद्यानुसार साक्षीदाराची सहीही घेतली जात नाही. पुष्कळ काळ लोटल्यावर खटला उभा राहतो. सरकारी वकील सरतपास घेतात, बचाव पक्षाचे वकील उलटतपास घेतात, आवश्यक वाटल्यास फेरतपास होतो. सरतपासात उत्तर सुचविणारे प्रश्न सामान्यतः विचारता येत नाहीत, उलटतपासात येतात. म्हणजे जेथे स्त्रीला आधाराची गरज असते तेथे तिला स्वतःच्या शब्दांत बोलावे लागते, आणि जेथे ती गोंधळून जाण्याचा संभव असतो तेथे शब्द दुसऱ्याचे असतात.

उलटतपासाचे एक प्रमुख साधन म्हणजे आधीच्या जबाबाशी केलेली तुलना. न्यायालयात सांगितलेली एखादी गोष्ट जबाबात नसेल, तर तो अनुल्लेख विसंगती म्हणून मांडला जातो. वस्तुतः प्रत्येक अनुल्लेख ही विसंगती नव्हे. १९५९ च्या तहसीलदार सिंह खटल्यापासून ह्या प्रश्नाचा ऊहापोह झालेला आहे. अनुल्लेख महत्त्वाचा असेल आणि संदर्भ पाहता विसंगतच ठरत असेल, तरच त्याला तसे मानावयाचे असते, आणि तो प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न असतो. परंतु छळाच्या कथनात असे अनुल्लेख अटळच असतात. पहिल्या दिवशी ठाण्यात उभी असलेली स्त्री ताज्या जखमेविषयी बोलते. जुन्या जखमा तिला पुढे, हळूहळू आठवतात. काही गोष्टी तर ती परक्या पुरुषासमोर उच्चारूच शकत नाही. आठवणीची ही स्वाभाविक चाल न्यायालयात नंतर रचलेली भर म्हणून दिसू शकते.

उलटतपासातील काही प्रश्न देशभर जवळजवळ ठरून गेलेले आहेत. दवाखान्यात का गेला नाहीत? शेजाऱ्यांना हाक का मारली नाही? माहेरी पत्र लिहिले तेव्हा त्यात हे का लिहिले नाही? आणि सर्वांत अवघड प्रश्न, एवढा छळ होता तर पुन्हा नांदायला का गेलात? ह्या शेवटच्या प्रश्नातील 'नांदणे' हे क्रियापद विचार करण्याजोगे आहे. त्यात सुखाने राहणे हा अर्थ मुळातच अनुस्यूत आहे. 'मी परत नांदायला गेले' हे वाक्य स्त्रीच्या तोंडी केवळ पतीच्या घरी गेल्याची माहिती देते. तेच वाक्य युक्तिवादात, तेथे राहण्याजोगी स्थिती होती, अशा कबुलीसारखे वापरता येते.

३. नोंद कोणाची?

साक्षीदार जे बोलतो ते आणि न्यायालयाच्या कागदावर जे उमटते ते एकच नसते, हे साहित्याच्या अभ्यासकाला विशेष लक्षणीय वाटावे. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यानुसार साक्ष सामान्यतः कथनरूपाने नोंदविली जाते; प्रश्नोत्तररूपाने ती लिहून घ्यावी की नाही हे न्यायाधीशांच्या विवेकावर सोपविलेले आहे. जुन्या संहितेची ही तरतूद २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. परिणामतः प्रश्न कागदावरून नाहीसा होतो आणि त्याचे शब्द साक्षीदाराच्या तोंडी येतात.

उदाहरणार्थ, वकील सुचवितात की पतीने कधीच मारले नाही, फिर्याद माहेरच्यांच्या सांगण्यावरून केली. स्त्री एवढेच म्हणते, 'नाही.' नोंद होते ती अशी : 'हे म्हणणे खरे नाही की, माझ्या पतीने मला कधीच मारले नाही. हे म्हणणे खरे नाही की, मी माहेरच्यांच्या सांगण्यावरून खोटी फिर्याद दिली.' मराठी न्यायालयीन गद्यातील हा एक रूढ साचा आहे, आणि त्याचा जाणकार वाचक त्यातील दुहेरी नकार बरोबर उलगडतो. खरा धोका दुसऱ्या साच्यात आहे. स्त्री म्हणते, 'नाही मारली हाक, मुलगा जागा झाला असता.' कागदावर जर केवळ 'हे खरे आहे की, मी त्या रात्री शेजाऱ्यांना हाक मारली नाही' एवढेच उतरले, तर वस्तुस्थिती राहते आणि तिचे कारण गळून पडते. अपिलाच्या न्यायालयापुढे साक्षीदार नसतो, कागद असतो. तेथे ते मौन संशयास्पद दिसू लागते.

ह्यावर कायद्यानेच एक उपाय ठेवलेला आहे आणि तो फारसा ज्ञात नाही. साक्ष पूर्ण झाल्यावर ती आरोपीच्या किंवा त्याच्या वकिलाच्या समक्ष साक्षीदाराला वाचून दाखविली पाहिजे आणि आवश्यक तर दुरुस्त केली पाहिजे. नोंद साक्षीदाराला न समजणाऱ्या भाषेत असेल, तर तिचा अर्थ त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितला पाहिजे. जुन्या संहितेचे कलम २७८, आता नव्या संहितेचे कलम ३१३, हा अधिकार देते. कामाच्या गर्दीत हे वाचन उपचारापुरते उरले, तर साक्षीदाराचे आपल्याच शब्दांवरील शेवटचे नियंत्रण नष्ट होते.

४. भाषांतराचे प्रश्न

बहुभाषिक भारतात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सासरहून निघून माहेरी आश्रय घेतलेली स्त्री क्रूरतेचा खटला माहेरच्या ठिकाणीही चालवू शकते. २००५ च्या अधिनियमाने तर ती तात्पुरती जेथे राहते तेथील न्यायालयालाही अधिकार दिला आहे. त्यामुळे छळ एका भाषेत झाला आणि साक्ष दुसऱ्या भाषेत झाली, असे सहज घडते. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी कुटुंबांच्या बाबतीत तर घर मराठी आणि न्यायालय अन्यभाषक ही नित्याचीच स्थिती होय. साक्ष न्यायालयाच्या भाषेखेरीज अन्य भाषेत दिली गेली, तर शक्य असल्यास ती त्याच भाषेत लिहून घेता येते. अन्यथा तिचे यथार्थ भाषांतर तेथल्या तेथे झाले पाहिजे, असा नियम आहे.

हे 'यथार्थ' साधणे किती अवघड असते हे दोन उदाहरणांवरून दिसेल. 'त्यांनी माझ्यावर हात उचलला' ह्या मराठी वाक्याचा रूढ अर्थ 'मारले' असा आहे. त्याचे इंग्रजीत शब्दशः भाषांतर झाले, तर हात नुसता वर केला एवढाच अर्थ उरतो. आणि कायद्याच्या दृष्टीने हात उगारणे व इजा करणे हे दोन निरनिराळे अपराध आहेत. दुसरे उदाहरण सर्वनामाचे. अनेक मराठी स्त्रिया पतीचा उल्लेख आदरार्थी अनेकवचनाने करतात. 'त्यांनी मारलं' ह्या वाक्यात कर्ता एक आहे. अनेकवचन केवळ आदराचे आहे. भाषांतरात ते संख्येचे अनेकवचन झाले, तर एका पुरुषाच्या कृत्याचा आरोप साऱ्या कुटुंबावर पसरतो. आणि मग हाच आरोप 'सरसकट' म्हणून त्याज्य ठरण्याची पाळी येते. मारणाऱ्याविषयीही आदराचे रूप सोडता न येणे हे त्या नात्यातील सत्तेचे द्योतक आहे. परंतु नोंदीत ते साक्षीचे वैगुण्य होऊन बसते.

५. कायद्याने दिलेली जागा

इतिहासाकडे पाहता एक विलक्षण क्रम दिसतो. १९८३ मध्ये दंड संहितेत कलम ४९८-अ आले, आणि त्याबरोबरच विवाहानंतर सात वर्षांच्या आत आत्महत्या केलेल्या स्त्रीच्या बाबतीत, क्रूरता सिद्ध झाल्यास, आत्महत्येस पती वा त्याच्या नातेवाइकांनी प्रवृत्त केले असे गृहीत धरण्याची मुभा पुराव्याच्या कायद्याने न्यायालयाला दिली. १९८६ मध्ये हुंडाबळीविषयीचे गृहीतक त्यात जोडले गेले. ती कलमे आता नव्या संहितांत आलेली आहेत. गृहीतकांचे हे साहाय्य मात्र मृत स्त्रीच्या प्रकरणापुरते होते. जी जिवंत राहून पिंजऱ्यात उभी राहिली तिला सर्व काही वाजवी संशयापलीकडे सिद्ध करणे भागच होते.

२६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या २००५ च्या अधिनियमाने ही स्थिती काही अंशी पालटली. त्यातील उपाय मुख्यतः दिवाणी स्वरूपाचे आहेत : संरक्षण, निवास, निर्वाह, मुलांचा ताबा, भरपाई. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारांना त्यात स्थान आहे. वारंवार दिलेल्या धमक्यांचा त्यात उल्लेख आहे. आणि एखादे वर्तन हिंसा ठरते किंवा नाही हे पाहताना प्रकरणातील एकंदर वस्तुस्थिती व परिस्थिती विचारात घ्यावी, असे कलम ३ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. रीतिभूतकाळाला कायद्याने दिलेली ही जागा होय. कामकाज बंद दालनात चालविण्याची तरतूद कलम १६ मध्ये आहे. संरक्षण आदेशाचा भंग झाला हे केवळ पीडितेच्या एकटीच्या साक्षीवरूनही ठरविता येते, असे कलम ३२ सांगते.

सर्वसाधारण पुरावा कायद्यातही आधार आहेत. अश्लील किंवा केवळ अपमान करण्याच्या हेतूने विचारलेले प्रश्न न्यायाधीशांना रोखता येतात. १९८३ च्या भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदाराच्या स्मृतीविषयी मार्मिक विवेचन केले : स्मृती ही छायाचित्र नव्हे, वेळेचा अंदाज माणसे अटकळीने करतात, आणि प्रश्नांच्या भडिमाराने साक्षीदार बावरून जाऊ शकतो, म्हणून गाभ्याला धक्का न लावणाऱ्या किरकोळ विसंगतींना अवास्तव महत्त्व देऊ नये. जानेवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने दुर्बल साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याविषयी निर्देश दिले.

जी स्त्री न्यायालयात तक्रारीपासून मागे फिरते तिच्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. अशा साक्षीदाराला मराठीत 'फितूर' म्हटले जाते. मूळ कायद्यात असा शब्दच नाही. आपल्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारण्याची परवानगी पक्षकाराला देता येते, एवढेच तेथे म्हटले आहे. तिची साक्ष त्यामुळे संपूर्ण बाद होत नाही. फितुरी म्हणजे शत्रूला मिळणे. मुलाच्या शाळेसाठी किंवा डोक्यावरील छपरासाठी ज्या स्त्रीने तडजोड स्वीकारली, तिला हा शब्द लावताना विचार केला पाहिजे.

६. रीतीकडून प्रसंगाकडे

मग मार्ग कोणता? 'नेहमी'चा त्याग करणे हा नव्हे, तर 'नेहमी'ला प्रसंगांचा आधार देणे हा होय. अनुभवी वकील तीन प्रसंग शोधावयास सांगतात : पहिला, सर्वांत गंभीर आणि शेवटचा. तारीख आठवत नसली तरी काळाच्या खुणा असतात. पहिली संक्रांत, धाकट्याचे बारसे, दिराचे लग्न, सोयाबीन निघाले तो आठवडा : ह्या खुणा स्त्रीच्या स्मृतीचे खरे पंचांग असतात, आणि त्यांवरून तारखेपर्यंत पोहोचता येते. दवाखान्याचा कागद, बहिणीला पाठविलेला संदेश, शाळेतील मुलाची गैरहजेरी ह्यांचा त्यांना दुजोरा मिळू शकतो. जेथे आठवत नाही तेथे 'आठवत नाही' आणि जेथे अंदाज आहे तेथे 'सुमारास' म्हणणे हे साक्षीचे बळच असते. घाबरून सांगितलेली खोटी नेमकी तारीख मात्र संपूर्ण साक्ष धोक्यात आणते.

ही जबाबदारी एकट्या स्त्रीवर टाकणे योग्य होणार नाही. जबाब लिहिणाऱ्याने तिचे शब्द, विशेषतः शिव्या आणि धमक्या, जसेच्या तसे लिहावेत. सरकारी वकिलांनी सरतपासापूर्वी तिची हकीकत पूर्ण ऐकावी. न्यायाधीशांनी 'मारायचे' हे क्रियापद ऐकल्यावर ते अस्पष्ट म्हणून बाजूला न सारता, त्यांपैकी आठवणारा एक प्रसंग सांगण्यास सुचवावे. आणि जेथे उत्तराचा अर्थ प्रश्नावाचून कळणार नाही तेथे प्रश्नासहित नोंद करावी. ह्यासाठी नवा कायदा लागत नाही; असलेल्या कायद्यातील विवेकाधिकार पुरेसा आहे. आरोपीच्या हक्कांनाही त्याने बाध येत नाही, कारण नेमकी आणि पूर्ण नोंद निर्दोष माणसालाही तितकीच उपकारक असते.

साक्ष ही केवळ साक्षीदाराची निर्मिती नसते. विचारणारा, लिहिणारा, भाषांतर करणारा आणि वाचणारा, असे सर्व जण तिच्या घडणीत सहभागी असतात. म्हणून एखाद्या स्त्रीची साक्ष अपुरी आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी, तो अपुरेपणा तिच्या सांगण्यातला आहे की ते टिपून घेणाऱ्या नोंदीतला, हे प्रत्येक प्रकरणात तपासून पाहिले पाहिजे.